नागपूरचे डॉक्टर इद्रिस

डॉक्टर,

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाने तुमच्यावरचं नाटक पुन्हा करायचं ठरवलं आहे. वर्धापनदिनाला केलं होतं, तुम्ही पहिल्या रांगेत बसून पाहिलं होतं, तेच. या वेळी श्रद्धांजली म्हणून. सेक्रेटरी साठ्यांचा फोन आला तेव्हा मी शारजात, अल नहदाच्या सिग्नलला अडकले होते. "मॅडम, तुमचा एकदा ओके आला की हॉल कन्फर्म करतो," ते म्हणाले. विचार करून सांगते म्हटलं आणि सिग्नल हिरवा झाला तरी तशीच बसून राहिले. मागच्याने हॉर्न मारमारून मला भानावर आणलं.

विचार करून सांगते, असं म्हणून गेले खरी. पण असल्या गोष्टींचा विचार मी इतकी वर्षं तुमच्याशी भांडत भांडतच केलाय. एकटीने कसा करतात ते विसरले आहे. आणि या बाबतीत तर मला मुळातलीच गोष्ट माहीत नाही. ते नाटक तुम्हाला आवडलं होतं की लागलं होतं? तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही, आणि आता साठ्यांना हो म्हणायचं की नाही ते मला ठरवायचं आहे.

हे मराठीत का लिहितेय तेही मला कळत नाही. तुम्हाला मराठीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. आपण आयुष्यभर इंग्रजीत बोललो, तुमचं खार्तूमचं, माझं पुण्याचं. पहिल्यांदा इंग्रजीतच लिहायला बसले होते. चार ओळी झाल्यावर वाचून पाहिलं तर पेशंटची डिस्चार्ज समरी वाटायला लागली. कागद फाडून टाकला. मराठीत निदान चिडता तरी येतं.

आपली पहिली भेटच चिडण्याची होती. आमचं फिजिओथेरपी डिपार्टमेंट तेव्हा तळघरात होतं, पार्किंगच्या शेजारी. वरून सर्जन लोक चिठ्ठ्या पाठवायचे. सर्जन स्वतः कधी उतरायचे नाहीत. तुम्ही उतरलात. एवढा उंच माणूस दारात वाकून उभा, आणि नमस्कार नाही, ओळख नाही, थेट म्हणालात, "मी शिवलेली बोटं इथे येऊन लाकडाची होतात. तुम्ही लोक काय चुकवता?"

मी एका पेशंटच्या हातासाठी स्प्लिंट वळवत होते. प्लास्टिक गरम पाण्यातून काढलं की ते गार व्हायच्या आत आकार द्यावा लागतो, त्यामुळे मान वर करायला फुरसत नव्हती. म्हटलं, "तुम्ही तीन आठवडे बोट बांधून ठेवता. बोट हलवणारी आतली दोरी आजूबाजूला चिकटून बसते. मग ती माझ्याकडे पाठवता. मी काय करू, मंत्र म्हणू?" मग आत येऊन स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "दाखवा मला." त्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद झाल्या.

शारजाच्या औद्योगिक भागातून आपल्याकडे हात यायचे. लेथवर कापलेले, ग्राइंडरने उडालेले, पत्र्याने चिरलेले. बंगाली, पठाण, बिहारी, नेपाळी माणसं. बोट वाकलं नाही तर त्या माणसाला गावी परत पाठवणार, हे त्यालाही माहीत असायचं आणि आपल्यालाही. तुम्ही म्हणालात, आमच्याकडे भूल देणारा डॉक्टर मिळायचा नाही, तेव्हा आम्ही नुसता हात बधिर करून काम उरकायचो, पेशंट जागा असायचा. तो जागा असेल तर टेबलावरच त्याला बोट हलवायला सांगू. टाका तुटतो की धरतो, ते तिथेच कळेल. जगात हे कुणी केलं नव्हतं असं नाही. पण आपल्या त्या हॉस्पिटलात कुणी ऐकलंही नव्हतं. आणि तुमची अडचण अशी की पेशंटला सांगणार कोण? तुमचं हिंदी 'पानी' आणि 'भाई'च्या पुढे जात नव्हतं. म्हणून तुम्ही मला ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावलंत. मोठी खळबळ उडाली. फिजिओ आत कशाला, म्हणून एक डॉक्टर ॲडमिनिस्ट्रेशनकडेही गेले. तुम्ही मला सांगितलंत, "यल्ला, चल, तू हिरवे कपडे घाल, बाकीचं मी बघतो."

पहिला पेशंट लेथवर काम करणारा होता. मी त्याच्या डोक्याशी उभी होते. तुम्ही मान हलवलीत आणि मी म्हटलं, "भाई, अब धीरे से मुट्ठी बंद करो." त्याने केली. उघड्या हातात ती पांढरी चकचकीत दोरी सरकली, टाका धरून राहिला, बोट वाकलं. पुस्तकात मी ते हजारदा पाहिलं असेल. जिवंत माणसाच्या हातात, त्याने स्वतः हलवलेलं, कधीच नाही. तो म्हणाला, "मैडम, मुझे भी दिखाओ." आपण त्याचं डोकं थोडं उचललं. बघून म्हणाला, "ये मेरा है?" मी तुमच्याकडे पाहिलं. मास्कच्या वर तुमचे नुसते डोळे दिसत होते. मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की मी चुकून मराठीत काहीतरी बोलले. त्या आनंदासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे. हे तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही लगेच म्हणाला असतात की मग स्प्लिंट वेळेवर देत जा.

कॅन्टीनमध्ये प्रत्येकाचं टेबल ठरलेलं होतं. अरब डॉक्टर एका बाजूला, केरळच्या नर्सेस दुसरीकडे, फिलिपिनो मुली खिडकीशी. तुम्ही अरबी बोलायचात तरी त्या टेबलावर तुम्हाला सरकून जागा करून दिलेली मी फारशी पाहिली नाही. आणि आमच्या भारतीयांच्या टेबलावर मला तरी कुठे राहवत होतं. मग आपण माझ्या स्प्लिंटच्या खोलीत जेवायला लागलो. तुमच्या डब्यात तुमच्या बायकोने, इहसानने केलेली किसरा, माझ्या डब्यात भाकरी. दोन्ही ज्वारीच्या, हे कळल्यावर तुम्ही माझी भाकरी उजेडाला धरून पाहिलीत आणि म्हणालात, "या बिचारीला आंबवलं का नाही?" मी म्हटलं, चांगल्या पिठाला आंबट करून धिरडी घालणारे तुम्ही, मला काय विचारता. ज्वारी आंबवायची की नाही, हा वाद तुम्ही गेलात तेव्हाही चालूच होता. दोघांच्या घरी त्याचा निकाल आधीच लागलेला होता, ते सोडा.

खरा वाद दुसराच होता. अल नहदाच्या एका मराठी कुटुंबातला मुलगा आला होता, काचेचं टीपॉय फुटून हात चिरलेला. त्याची आई तुम्हाला बघून माझ्याकडे वळली. "अहो, आपल्यातला कोणी डॉक्टर नाही का हो इथे? म्हणजे यांच्याकडून... एकुलता एक मुलगा आहे माझा." तुम्ही विचारलंत, काय म्हणाल्या? मी म्हटलं, "काळजीत आहेत." तुम्ही म्हणालात, "मराठीत काळजी एवढी लांब असते?"

त्या मुलाचं बोट छान बरं झालं. बाई शेवटच्या दिवसापर्यंत तुमच्याशी माझ्यामार्फतच बोलल्या. पण तुम्ही तो विषय सोडला नाहीत. कुणी काय म्हटलं ते सगळं मला सांग, जसंच्या तसं, हा तुमचा हट्ट. तुमच्या हातात सुई असताना मी असलं काही तुमच्या कानात घालणार नाही, हा माझा.

"मग सुई खाली ठेवल्यावर सांग."

"तोवर मी विसरलेली असते."

"खोटं," तुम्ही म्हणालात. "तू गाळतेस तेव्हा मला अंदाज करावा लागतो. आणि माझा अंदाज नेहमी खऱ्यापेक्षा वाईट असतो."

मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं. निदान काल सकाळपर्यंत वाटत होतं. संध्याकाळी वाटलं तुमचं बरोबर होतं. आज काहीच वाटत नाही.

साठ्यांना दोष द्यायला गेलं तर तेही जमत नाही. माणूस तुमचा भक्त. पूजेचा नारळ कोयत्याने फोडताना अंगठ्याची दोरी तोडून घेतली होती त्यांनी. टेबलावर जागे होते, सगळं डोळ्यांनी पाहत होते. तुम्ही टाके घालताय, मी "साठे, अंगठा हलवा, हळू," म्हणतेय, मधेच आपण दोघं कशावरून तरी वाद घालतोय. बाहेर आल्यावर म्हणाले, "मॅडम, हे नाटक आहे. एक सुदानी सर्जन, एक मराठी थेरपिस्ट. असं आपल्या लोकांनी बघायला पाहिजे." आणि बसून लिहिलं की त्यांनी. तुम्ही किती खूश झालात. इस्त्रीचा पांढरा पायघोळ जलाबिया घालून, डोक्याला पागोटं बांधून नाटकाला आलात. मी तुम्हाला त्या वेशात पहिल्यांदाच पाहत होते. मी तालमींना एकदाही गेले नव्हते, कारण साठ्यांची बायको माझं काम करणार होती आणि ती माझ्यासारखी चालून दाखवताना बघणं मला झेपलं नसतं. त्यामुळे पुढे काय येणार हे जसं तुम्हाला माहीत नव्हतं, तसं मलाही नव्हतं.

माझी लेक सई तुमच्या शेजारी बसली होती, कानात भाषांतर करायला. ती काही गाळत नाही, तुम्हाला हवी तशी.

पडदा उघडला. पुण्याची एक तिखट फिजिओथेरपिस्ट. दारात एक डॉक्टर येतो. मिशी लावलेला प्रसाद, आमचा रास अल खोरला फळांच्या गोदामात काम करणारा हौशी नट. म्हणतो, "मी डॉक्टर ईश्वर, नागपूरचा." मला वाटलं हे कोणी दुसरंच पात्र असेल, तुम्ही नंतर येणार. तुम्हालाही तसंच वाटलं असणार, कारण तुम्ही पुढे वाकून विंगेकडे बघत होतात. मग पुणे आणि नागपूर यांच्यात जुंपली. ती त्याच्या सावजी रश्शाला नावं ठेवते, तो तिच्या गोड आमटीला. हॉल हसून लोळतोय. ऑपरेशन झालं, बोट वाकलं, दोघांचे हात एकमेकांत, पडदा पडला. विंगेतून आणखी कोणी आलं नाही.

टाळ्या चालू असताना तुम्ही सईला विचारलंत, "यात मी कोण होतो?"

सईने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. "अंकल, द वन विथ द मिशी. दे मेड यू फ्रॉम नागपूर."

तुम्ही हसलात. केवढे हसलात. चष्मा काढून डोळे पुसले. आजूबाजूची माणसंही तुमच्याबरोबर हसायला लागली. मग मला विचारलंत, "हे नागपूर कुठे आहे? तिथे उकडतं का?"

"खूप."

"मग थोडा अभ्यास केलाय त्यांनी," तुम्ही म्हणालात.

साठ्यांना मी कोपऱ्यात गाठलं. ते घाम पुसत होते. "मॅडम, इथे कशाला रिस्क? प्रसादला रंग लावायचा म्हटला तर कुणीतरी व्हिडिओ काढेल, व्हायरल झाला की मंडळ खलास. न लावता सुदानी म्हणायचं तर लोक हसतील. कमिटीत दोन मीटिंग झाल्या. मग म्हटलं, डॉक्टर आपलेच आहेत, आपल्यातलेच करून टाकू. आणि डिव्हाइड तर पाहिजे ना नाटकाला, म्हणून पुणे-नागपूर." ते अगदी मनापासून बोलत होते. काळ्या-गोऱ्याची भिंत ओलांडून दोन माणसं काम करतात, यावर नाटक लिहायला बसलेल्या माणसाने त्यातला काळा माणूसच सभ्यपणाने बाहेर काढून ठेवला होता, आणि का, तर त्याचा अपमान होऊ नये म्हणून. मला संतापावं की हसावं कळेना. तुम्ही तिकडे प्रसादच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेत होतात.

पार्किंगमध्ये तुम्ही म्हणालात, "सुवर्णा, यावर एकदा नीट बोलू. जेवताना." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात तुम्ही भावाला भेटायला कैरोला गेलात. तुमचं गाव, खार्तूमच्या नदीपलीकडचं ओमदुर्मान, तेव्हा युद्धामुळे रोज बातम्यांत असायचं आणि बातम्या लागल्या की तुम्ही चहा टाकून कॅन्टीनमधून उठून यायचात. घराला कुलूप लावून भाऊ निघाला, मग कुणीतरी सांगितलं की कुलूपही राहिलं नाही, दारही नाही. परत आलात ते गप्प होऊन. मी म्हटलं, या माणसाच्या डोक्यावर आधीच एवढं आहे, त्यात मंडळाचं नाटक कुठे काढू. मग एका शुक्रवारी नमाजाहून घरी आलात, इहसानला पाणी आण म्हणालात, आणि संपलं.

मला कळलं तेव्हा दुपार झाली होती. मी पोचेपर्यंत तुम्हाला नेऊनसुद्धा झालं होतं. आमच्याकडे लेक येईपर्यंत, भाऊ येईपर्यंत थांबतात, तेवढ्यात शेवटचं बघून घेता येतं. तुमच्याकडे थांबत नाहीत, हे मला माहीत होतं, आणि तरी मी लिफ्टमध्ये उभी राहून मनात तुमच्यावर ओरडत होते की थोडं थांबायला काय झालं होतं.

आत बायका बसल्या होत्या. इहसान पांढऱ्या वस्त्रात. तुमच्याकडेही नवरा गेला की बाई पांढरंच नेसते, हे मला त्या दिवशी कळलं. तिला पाहून मला क्षणभर माझी आजीच बसलीय असं वाटलं. येणारी प्रत्येक बाई तिच्यासमोर दोन्ही तळवे वर उघडून धरायची, ओठांत काही म्हणायची. मीही तळवे धरले. पण पुढे काय म्हणायचं ते ठाऊक नाही, आणि सवयीने ते उघडे हात आपोआप मिटून नमस्कार झाला. सगळ्याजणी बघत होत्या. इहसानने माझे मिटलेले हात तसेच आपल्या हातांत घेतले आणि आम्ही दोघी रडलो.

साठ्यांचा फोन आल्यावर मी पुन्हा तिच्याकडे गेले. म्हटलं, तुला विचारल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. नाटक पाहून घरी आल्यावर ते काय म्हणाले होते? इहसान हसली. म्हणाली, "रात्री जेवताना सगळं नाटक करून दाखवलं. मिशीच्या जागी चमचा धरला होता. म्हणाला, इतकी वर्षं या देशात राहतोय, पहिल्यांदा कुणीतरी मला आपल्या गावचा केला." किती बरं वाटलं मला ते ऐकून. घरी येताना रेडिओ लावला गाडीत.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात सिस्टर लिसीला मी हे सांगायला गेले, ती तुमची ऑपरेशनची सगळी मांडामांड करायची ती. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मैडम, मुझे तो कुछ और बोला था." नाटकानंतरच्या सकाळी हात धुताना तुम्ही तिला म्हणाला होतात, "सिस्टर, काल मी मला बघायला गेलो होतो. मी आलोच नाही." मी विचारलं, म्हणताना कसे होते? लिसी म्हणाली, "हँस रहे थे."

आता मी कुणाचं खरं मानू? बायकोला बरं वाटावं म्हणून तुम्ही तिला ते सांगितलंत आणि खरं होतं ते लिसीला? की घरी खरं बोललात आणि सकाळी नुसती थट्टा केलीत? की दोन्ही खरं होतं आणि तुम्हालाही आत काय लागलंय ते नीट माहीत नव्हतं? तुमचं गाव तिकडे तुमच्या हातून सुटत होतं आणि इकडे आम्ही ते तुमच्या नावापुढून पुसून नागपूर लिहिलं. याचा तुम्हाला त्रास झाला नाही असं मी कसं मानू. आणि तुम्ही प्रसादबरोबर फोटो काढताना इतके खुशीत दिसत होतात, तेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

इथवर लिहून हे पत्र काही दिवस बाजूला ठेवलं होतं. शेवटी मी तुम्हाला न विचारता ठरवलं. साठ्यांना सांगितलं, करा नाटक, पण डॉक्टर सुदानचे. नाव इद्रिस, गाव ओमदुर्मान. रंग लावायचा नाही, मिशी लावायची नाही. आणि त्या बाईचा प्रवेश घालायचा, 'आपल्यातला कोणी नाही का' म्हणणारीचा, मराठीतच. साठे म्हणाले, "मॅडम, हॉलमध्ये आपलेच लोक असणार हो. त्यांना लागेल." मी म्हटलं, लागू दे. ते म्हणाले, कमिटीपुढे ठेवतो. मी म्हटलं, ठेवा, पण नागपूर राहिलं तर मी मंडळातून माझं नाव काढून घेईन, आणि ते मी फोन ठेवायच्या आत करीन. साठे म्हणाले, "ठीक आहे. माझा अंगठा त्यांनीच दिलाय मला. कमिटीला मी बघतो." इहसानला सांगितलं तेव्हा तिने एकच अट घातली. "त्याला फार चांगला करू नका. ओरडू दे त्याला."

हे बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही. कदाचित तुम्हाला नागपूरचंच आवडलं असेल आणि मी हट्टाने तुम्हाला पुन्हा परका करून ठेवत असेन.

गेल्या शनिवारी प्रसाद घरी आला. बिचारा घाबरलेला. म्हणाला, "ताई, मागच्या वेळी सोपं होतं, नागपूरचा मामा आहे माझा. आता डॉक्टरच करायचेत तर मला सगळं सांगा." मी सांगितलं. दारात कसे वाकून यायचात. सुई धरताना करंगळी कशी बाजूला ठेवायचात. पेशंट घाबरला की तुमचा आवाज आपोआप खाली यायचा, आणि मी उशीर केला की किती वर जायचा. यल्ला कसं म्हणायचात, लांबवून नाही, तोडून. प्रसाद उभा राहून करत होता, मी दुरुस्त करत होते. हाताबोटांचं सांगायला मला काहीच अडचण आली नाही, तो तर माझा धंदाच आहे.

मग तो बसला आणि त्याने विचारलं, "ताई, त्या बाईच्या प्रवेशात मला लागतं. डॉक्टरांना काही लागलं की ते काय करायचे?"

"हसायचे," मी म्हटलं.

"आणि खूश असले की?"

"तेव्हाही हसायचे."

"मग फरक कसा दाखवू?"

डॉक्टर, फरक असणारच. बोट कुठे अडकतंय, ते दुखून थांबलंय की भीतीने, हे मी खोलीच्या त्या टोकाहून सांगत आले. तुम्ही टेबलाच्या पलीकडे, इतकी वर्षं, हातभर अंतरावर होतात. आठवून आठवून पाहिलं. बातम्यांमुळे कॅन्टीनमधून उठून यायचात तेव्हा हसत यायचात. पहिलं बोट वाकलं त्या दिवशी बाहेर येऊन मास्क काढलात तेव्हाही हसत होतात. दोन्ही हसणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, मला काही वेगळं दिसेना.

"सारखंच हस," मी प्रसादला म्हटलं. "मला कळलं नाही, तर हॉलमधल्या लोकांना तरी कशाला कळायला हवं."

"बघा हं, जमतंय का," तो म्हणाला, आणि त्याने दोनदा हसून दाखवलं. पहिलं बरं होतं. दुसऱ्याला मी उठून स्वयंपाकघरात गेले, आणि त्यातलं कुठलं हसणं कुठलं होतं, हे त्याला विचारायचं राहून गेलं.